शीर की नळी

४ जानेवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

एकसष्ट वर्षांच्या बाईला चिंगी म्हणतो म्हणून तू दर पत्रात चिडतेस, पण या वयात नवं नाव कुठून आणू? पत्राला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं जे होतं तेच लिहायचं नव्हतं.

उन्हाळ्यापासून माझा डावा पाय धड नाही. घरातून निघून कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत गेलो की पोटरीत असा काही गोळा धरतो की पुढचं पाऊल टाकवत नाही. दोन मिनिटं उभं राहिलं की सुटतो. लोकांना कळू नये म्हणून मी दुकानांच्या काचांसमोर थांबायला लागलो. चष्म्याचं दुकान झालं, घड्याळांचं झालं. बायकांच्या तयार कपड्यांच्या दुकानासमोर इतक्यांदा थांबलो की एक दिवस तिथली मुलगी बाहेर आली आणि कोणासाठी घ्यायचंय, असं कागदावर लिहून विचारती झाली. तुझी वहिनी अजून त्यावरून टोमणे मारते.

महिन्यापूर्वी अंगठ्याला जोडा चावला. ती जखम भरेना, उलट काळी पडायला लागली. मग मात्र वहिनीने हात धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर भले आहेत. बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून माझे कान गेलेत हे कळल्यावर त्यांनी वही पुढे ओढली आणि चित्र काढूनच सगळं सांगितलं. मांडीतून खाली येणारी रक्ताची मोठी नळी गुडघ्याच्या खालपर्यंत बंद आहे. बायपास करायचा, म्हणजे बंद रस्त्याला वळसा घालून नवी वाट. ती वाट दोन प्रकारे करतात. माझ्याच पायातली एखादी शीर काढून जोडायची, नाहीतर तयार नळी घालायची. तयार नळ्या त्यांनी दाखवल्या. एक पॉलिस्टरची, चक्क विणलेली. मी बोटांनी चाचपून वीण ओळखली तेव्हा डॉक्टर हसले. पण ती पोटातल्या मोठ्या नळीसाठी, म्हणाले. पायासाठी दुसरी, पांढरी, गुळगुळीत.

तू आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात सिस्टर होतीस. तुला विचारल्याशिवाय मी अंगाला सुई लावून घेणार नाही. लगेच लिही.

तुझा,
दादा

१० जानेवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र दुपारी आलं. मी उभ्यानेच वाचलं आणि तशीच लिहायला बसले आहे. उन्हाळ्यापासून पाय दुखतो आणि तू मला जानेवारीत कळवतोस, यावर समोर आल्यावर भांडेन. आत्ता तेवढा वेळ नाही. अंगठा काळा पडतोय याचा अर्थ पायाला रक्त कमी पडतंय. ऑपरेशन लांबवू नकोस.

आता मुद्द्याचं. शीरच घ्यायला सांग. गुडघ्याच्या वर जोडायचं असतं तर मी इतकी अडून बसले नसते, तिथे नळीही बरी चालते. पण गुडघ्याच्या खाली नळी अरुंद जागी जाते, आणि तिथे रक्त गोठायला निमित्त पुरतं. माझ्या हाताखालून गेलेल्या पेशंटांचं सांगते. शीर जोडलेल्या दहांपैकी सातेक जण पाच वर्षांनीही त्याच वाटेवर चालत होते. नळीवाल्या दहांत चार निघाले तर आम्ही खूश व्हायचो. शिवाय नळी बंद पडते ती अचानक. काल चालणारा माणूस आज स्ट्रेचरवर येतो.

माझ्या घरी यांचं तू पाहिलंच आहेस. नळी घातली, चौदा महिन्यांनी बंद पडली, आणि पाय मांडीपासून गेला. पुढची दोन वर्षं त्यांनी खिडकीशी बसून काढली. वीस वर्षं झाली, मला अजून त्या नळीचा राग येतो.

सोनोग्राफी करून शिरा आधी तपासायला सांग. उजव्या पायातली चालते, डाव्यातली चालते. तुला माझी शपथ आहे, नळी घालून घेऊ नकोस. तारीख ठरली की कळव, मी येते.

तुझी,
चिंगी (फक्त तुझ्यापुरती)

११ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

तुला न कळवता ऑपरेशन उरकलं याबद्दल आधीच कान पकडतो. एक खाट अचानक रिकामी झाली आणि डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. तू धावतपळत आली असतीस आणि थिएटरच्या दाराशी उभी राहून त्या पोरींना शिकवत बसली असतीस. त्यापेक्षा हे बरं.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे शीरच घातली. काळजी मिटली. पाऊल गरम आहे, अंगठ्याची जखम लाल होऊन भरत चालली आहे. टाके दोनच जागी, जांघेत आणि गुडघ्याच्या खाली, दोन्हीकडचे सुकले. परवा औषधवाल्याच्या दुकानापर्यंत एका दमात गेलो. वाटेत एकाही काचेसमोर थांबलो नाही. कपड्याच्या दुकानातल्या मुलीने हात केला.

एकच कटकट आहे. रक्त पातळ करायची एक गोळी दिली आहे, तिच्यापायी दर आठवड्याला रक्त तपासायला जावं लागतं. दात घासले की हिरड्यांतून रक्त येतं. दाढी करताना जरा कापलं तर अर्धा तास टॉवेल धरून बसावं लागतं. ही किती दिवस घ्यायची असते, तुला माहीत असेल.

वहिनी नमस्कार सांगते.

तुझा,
दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. शेजारणीला पेढा द्यावा इतका आनंद झाला, पण तिला साखर आहे म्हणून नुसतंच सांगितलं. न कळवल्याचा राग आहे, तो राहील.

एक गोष्ट मात्र समजली नाही. तू दोनच जागी टाके लिहिलेस. आमच्या वेळी शीर काढायची तर मांडीभर लांब चीर पडायची, नाहीतर चार-पाच छोट्या तरी. आता म्हणे कुठे कुठे दुर्बीण घालून काढतात. तुझे डॉक्टर नव्या पद्धतीचे दिसतात. विचारून कळव, मला उत्सुकता आहे.

गोळीचं म्हणशील तर शिरेच्या बायपासला ती कडक गोळी सहसा लागत नाही. ॲस्पिरिनवर भागतं. तुझ्या डॉक्टरांनी का दिली ते त्यांनाच ठाऊक, हृदयासाठी असेल. हिरड्यांतून रक्त येतंय हे त्यांच्या कानावर घाल, बहुतेक बंद करतील. आपली शीर आहे रे, ती बरंच काही सोसते. नळी असती तर मी हे लिहिलं नसतं.

पण रोज सकाळी पावलाला हात लावून बघायचं. गार लागलं, पांढरं दिसलं, बधिर झालं, तर तासाचाही उशीर नको.

तुझी,
चिंगी

२ मार्च

ती. वन्संना सा. नमस्कार.

माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, समजून घ्या. हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. फोन औषधवाल्याकडे आहे आणि हे संध्याकाळभर तिथेच बाकावर बसलेले असतात. यांना ऐकू येत नसलं तरी बाकीच्यांना येतं, म्हणून पत्रच बरं.

वन्सं, यांना शीर घातलेली नाही. नळी घातली आहे.

वीस वर्षांपूर्वी उभं राहून राहून यांच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या, गाठी आल्या होत्या. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्या काढून टाकायला लावल्या. तेव्हा तुमच्याकडे भाऊजींच्या पायाचं चाललं होतं. तुमच्यावर आणखी एक नको म्हणून यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. त्यामुळे आता पायात काढण्यासारखी शीरच शिल्लक नव्हती. डॉक्टर म्हणाले, हातांतल्या शिरा काढून जोडून बघू, वेळ लागेल पण होईल. हे नाही म्हणाले. अजून नव्या पोरांना मागावर तुटलेला धागा कसा जोडायचा ते शिकवायला जातात ना. हात गेले तर मी कशाचा, असं वहीत लिहून दिलं त्यांनी डॉक्टरांना. हाताला काही होत नाही म्हणून डॉक्टरांनी समजावलं, तरी ऐकलं नाही. मग नळी घातली.

तुम्ही शपथ घातली होती. म्हणून तुम्हाला खोटं लिहिलं आणि मलाही गप्प बसवलं. मी बसले. पण आता राहवत नाही, कारण तुमचं पत्र आल्यावर यांनी ती रक्ताची गोळी बंद केली. बघ, चिंगीसुद्धा म्हणते लागत नाही, म्हणाले. मी म्हटलं, अहो, त्यांनी शिरेबद्दल लिहिलंय. तर म्हणाले, डॉक्टर उगाच घाबरवतात. आज नऊ दिवस झाले. काल म्हणत होते, पावलाला मुंग्या येतात, पण बसून बसून असेल.

मी काय करू ते लवकर कळवा. मला रागवा, यांना रागावू नका.

तुमची,
वहिनी

९ मार्च
दवाखाना, दुसरा मजला, बाहेरचा बाक

दादा,

तू आत झोपला आहेस आणि मी दाराबाहेर बसून लिहिते आहे. तुझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि हे वॉर्डातल्या वीस खाटांना ऐकू जाण्यासारखं नाही. म्हणून पत्र. जाग आली की वहिनी हातात देईल.

काय घडलं ते तुला अर्धवटच ठाऊक आहे. पाच तारखेला सकाळी साडेदहाला वहिनीचं पत्र आलं. औषधवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, दुकान उघडं टाक, पण धाव. तो बिचारा धावला. तू खुर्चीत बसला होतास, मोजे घालून. सकाळपासून पाऊल गार होतं आणि तू एकावर एक दोन मोजे चढवले होतेस. वहिनी म्हणते, विचारलं की नुसती मान हलवायचास. औषधवाल्याने मोजे ओढून काढले तर पाऊल मेणासारखं पांढरं. त्यानेच गाडीत घातलं.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा तुला आत घेऊन तीन तास झाले होते. थिएटरच्या दाराबाहेर मी पहिल्यांदाच बसले, दादा. आयुष्यभर दाराच्या आतल्या बाजूला होते. आत माणसाला काम असतं. बाहेर नुसतं दार असतं.

डॉक्टरांनी नळीतली गाठ काढली, पण खालच्या टोकाला रक्त पुन्हा पुन्हा गोठत होतं. तेव्हा त्यांनी नळी सोडून दिली आणि दोन्ही हातांतल्या शिरा काढून, एकमेकींना जोडून, त्यांची वाट केली. आत नेण्याआधी त्यांनी वहीत विचारलं तेव्हा तू होकार दिलास, असं ते म्हणाले. तुझं अक्षर मी पाहिलं. एकच शब्द होता, घ्या. सात तास लागले. पायाची दोन बोटं काळी पडली आहेत, ती जातील. बाकी पाय वाचला. आज सकाळी मी पावलावर बोट ठेवलं आणि ठोका लागला.

आता तुला जे सांगायचं आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

यांच्या पायाची नळी बंद पडली त्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले होते, पाऊल गार वाटतंय. मी साडी नेसत होते. थिएटरची इन्चार्ज म्हणून माझा पहिला दिवस होता, आठ वाजता पहिली केस. मी वाकून बघितलंही नाही. म्हटलं, मोजा घाला, दुपारी येते तेव्हा बघू. दुपारी यायला पाच वाजले. हे खाटेवर होते आणि पायाला मोजा तसाच होता.

वीस वर्षं मी नळीला शिव्या दिल्या. नळी बंद पडली हे खरंच. पण सकाळी आठला नेलं असतं तर पाय कदाचित राहिला असता. हे मला त्या दिवशीही कळत होतं आणि आजही कळतं. तुला शपथ घातली ती डोळ्यांसमोर पेशंट आणून नाही, स्वतःचं तोंड लपवायला. नळी वाईट ठरली की मी सुटत होते. त्या शपथेच्या भीतीने तू खोटं लिहिलंस, त्या खोट्यावर मी गोळीचं लिहिलं, आणि तू मोजे चढवून बसलास. औषधवाल्याने मोजे काढले म्हणून सांगितलं तेव्हा मी त्याच्यासमोर भिंत धरली.

माफी मागत नाही. फक्त तुला ठाऊक असावं.

चिंगी

१० मार्च
खाट क्रमांक नऊ

चि. चिंगीस,

हाताला पट्ट्या आहेत, अक्षर वेडंवाकडं येईल. हातांची बोटं मात्र दहाही हलतात. काल नर्सच्या ॲप्रनचा सुटलेला दोरा जोडून दाखवला. मनगटाच्या वर थोडी बधिर जागा आहे, बाकी काही नाही. डॉक्टर आधी सांगत होते ते खरंच होतं. मी घाबरलो होतो, हेही खरं.

तुझं पत्र वाचलं. वहिनीला दाखवलेलं नाही.

आता तू ऐक. भाऊजींचा पाय कापला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी आलो होतो, आठवतं ना? तू खाली औषधं आणायला गेली होतीस. भाऊजी मला म्हणाले, "पाय आदल्या दिवशी दुपारपासून गार होता. तिला सांगितलं असतं तर ती कामावर गेली नसती. सकाळी राहवेना म्हणून बोललो, तेही हसत हसत. तिला यातलं काही कळू देऊ नका."

म्हणजे तू लिहितेस त्या सकाळी आठच्या आधीच सोळा-सतरा तास गेले होते. त्यांनी शब्द घेतला म्हणून मी बोललो नाही. तू स्वतःला नाही, नळीला दोष देतेस असंच मला वाटायचं, म्हणून चाललंय ते चालू दिलं. आत काय जळतंय हे ठाऊक असतं तर पहिल्याच वर्षी शब्द मोडला असता.

दार ढकलून आत ये आता. बाहेर बसून पत्रं कसली लिहितेस?

दादा

२८ मार्च

ती. दादास सा. न.

सुखरूप पोचले. तुझी दहा तारखेची चिठ्ठी पर्समध्ये आहे. बसमध्ये चार वेळा वाचली, घरी किती वेळा ते मोजलं नाही.

तुझ्यासमोर बोलले नाही ते लिहिते. तू सांगितलंस ते खरं आहे का, हे मला कळत नाही. दीड महिन्यापूर्वी याच हाताने तू मला एक अख्खं ऑपरेशन खोटं लिहून पाठवलं होतंस, टाक्यांसकट. मला बरं वाटावं म्हणून तू काहीही लिहू शकतोस. लहानपणी माझा पोपट उडून गेला तेव्हा तो राजाकडे नोकरीला लागला, असं तू मला दोन वर्षं सांगत होतास. आणि यांचाही स्वभाव तू लिहिलास तसाच होता. दुखलं तर दाखवायचे नाहीत. त्यामुळे खोटं म्हणावं तर तेही जमत नाही.

रात्री झोप लागते हे मात्र खरं. पुष्कळ वर्षांनी लागते.

दादा, आता मी शपथ घालणार नाही. एकच मागते. यापुढे पायाचं जे असेल ते लिही. वाईट असेल तर वाईट लिही. हातातल्या जोडलेल्या शिरेची वाटही कायमची नसते. जोडावर ती हळूहळू आवळत येते, आणि माणसाला पत्ता लागत नाही. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नकोस. गोळ्यांचं माझ्या पत्रावरून काही ठरवू नकोस, डॉक्टरांना विचार.

तुझी,
चिंगी

२१ सप्टेंबर

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र पाच दिवस उशिरा आहे, त्याचं कारण आधी लिहितो, मग बाकीचं.

सोळा तारखेला सकाळी पावलाला हात लावला तर उजव्यापेक्षा डावं जरा गार वाटलं. रंग ठीक होता, दुखत नव्हतं. पुढची सोनोग्राफी दहा दिवसांवर होती. आधी तुला लिहायला बसलो होतो. चि. पर्यंत लिहिलं, मग पेन ठेवलं आणि वहिनीला म्हटलं, चल. चहासुद्धा न घेता गेलो. डॉक्टरांनी लगेच तपासलं. दोन शिरांच्या जोडावर वाट आवळत आली होती, निम्म्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी जांघेतून तार घालून तिथे फुगा फुगवला आणि जागा मोकळी केली. चिरफाड नाही. मी जागा होतो, पडद्यावर दिसत होतं. डॉक्टरांनी वहीत लिहिलं, आणखी महिनाभर थांबला असता तर पुन्हा सात तास. त्याखाली त्यांनी रेघ मारली.

आज पाऊल गरम आहे. ठोका लागतो. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, त्यामुळे चालताना थोडा कलतो. रात्री पायात कळ येते, रोज नाही. पायऱ्या चढताना दम लागतो. ॲस्पिरिन आणि ती दुसरी गोळी चुकवलेली नाही. आठवड्यातून दोनदा कारखान्यात जातो, पण आता पोरांना शिकवताना स्टुलावर बसतो. चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिलं आहे. तुझा विश्वास बसावा म्हणून खाली वहिनीने सही केली आहे. तिने आधी पत्र पूर्ण वाचलं आणि कळ रोज येत नाही या वाक्यावर मला दोन प्रश्न विचारले, मगच सही केली.

भाऊजींच्या गोष्टीवर मात्र तिची सही मिळणार नाही. तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी इतकंच सांगतो की त्या वर्षी मला ऐकू येत होतं, आणि ते हळू बोलत होते म्हणून मी खुर्ची जवळ ओढली होती. तुला जे ठरवायचं ते ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

पुढच्या महिन्यात येतेस म्हणतेस तर गाडी कुठली ते कळव. घ्यायला मी येईन. स्टँड पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे, मी पाऊण तास आधी निघेन.

तुझा,
दादा

सगळं बरोबर लिहिलं आहे. वहिनी.